सप्ताहाच्या मंडपातून ख्यालाकडे

ताडकळसला किंवा पूर्णा तालुक्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हाती आली, की आपण आधी कीर्तनकारांची नावे वाचतो आणि मग काल्याच्या महाप्रसादाची तारीख. त्याच पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत आणखी एक यादी असते: गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक, विणेकरी, काकडा प्रमुख. शास्त्रीय संगीत समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या यादीपासून करावी असे माझे ठाम मत आहे. लहानपणापासून दरवर्षी सात दिवस पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन ऐकलेला माणूस जेव्हा म्हणतो, ‘आम्हाला त्या शास्त्रीयमधलं काही कळत नाही’, तेव्हा मला ते पटत नाही. आधारस्वर, ठेका, चाल बदलणे, समेवर येणे हे सगळे त्याच्या कानावरून शेकडो वेळा गेलेले असते. त्याला कोणी थांबवून ‘हे बघा, याला हे म्हणतात आणि ते असे चालते’ एवढेच सांगितलेले नसते. ते आता सावकाश सांगतो.

मंडपात वाद्ये किती आणि कोणती असतात ते आधी पाहू. विणेकऱ्याच्या खांद्यावर वीणा, एका बाजूला पखवाज, समोर पेटी आणि दोन्ही बाजूंनी उभे टाळकरी. वाद्यांची जुनी विभागणी चार प्रकारांची आहे. तार छेडून वाजते ते तत वाद्य, हवेने वाजते ते सुषिर, चामडे मढवलेले ते अवनद्ध आणि धातूवर धातू आपटून वाजते ते घन. वीणा तत, पेटी सुषिर, पखवाज अवनद्ध, टाळ घन. म्हणजे चारही प्रकार गावच्या देवळात हजर आहेत. ही विभागणी भरताच्या नाट्यशास्त्रापासूनची, पण तिचे सविस्तर विवेचन करणारा एक मोठा ग्रंथ आपल्याच मराठवाड्यात लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत आलेले. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ. त्यातला पाचवा अध्याय तालांचा आणि सहावा सगळा वाद्यांचा. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा या ग्रंथाला आपला मानतात. ज्याला आपण दौलताबादचा किल्ला म्हणून मुलांच्या सहलीत दाखवतो, त्या गावाचे संगीतातले स्थान एवढे मोठे आहे आणि आपल्याकडच्या मुलांना ते शाळेत कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आता एकेका वाद्याकडे जाऊ. पहिली वीणा.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिच्यावर कोणी चाल वाजवत नाही, बोट फिरते आणि तोच तो स्वर निघत राहतो. नवख्या माणसाला वाटते की ही नुसती रीत आहे. संगीताच्या दृष्टीने पाहिले तर हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण आपल्या संगीतातला प्रत्येक स्वर एका ठरलेल्या ‘सा’च्या नात्याने ओळखला जातो. एकटा सुटा स्वर ऐकवला, तर तो गंधार की पंचम हे कोणीही सांगू शकणार नाही. आधी सा ठरतो, मग बाकीचे. आणि हा सा सगळ्यांसाठी एकच नसतो. ज्याचा आवाज जिथे मोकळा लागतो तिथे त्याचा सा. म्हणून गवई ‘मी काळी एकमध्ये गातो’ असे सांगतो, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी त्याचा सा. पुरुषांचे आवाज बहुधा त्याच्या आसपास असतात, बायकांचे काळी चार किंवा काळी पाचच्या जवळ.

बैठकीत वीणेचे हे काम तानपुरा करतो. चार तारा असतात. पहिली पंचमात, मधल्या दोन मध्य सप्तकाच्या षड्जात, म्हणजे सा मध्ये, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी जाड तार खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकाच्या षड्जात. रागात पंचमच नसेल, जसा मालकंसात नसतो, तर पहिली तार मध्यमात लावतात. खुंटीने मोठा फरक काढायचा आणि तारेत ओवलेला मणी सरकवून बारीक. तानपुरा मिळवताना गवय्याला दहा मिनिटे लागली, तर कंटाळू नका. त्या दहा मिनिटांत पुढच्या तासाचा पाया घातला जातो आहे.

तानपुऱ्याची खरी गंमत घोडीवर आहे. घोडी म्हणजे तबलीवर बसवलेली ती रुंद पट्टी, जिच्यावरून तारा जातात. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला, की तार घोडीच्या उतारावर अगदी जेमतेम टेकत-सुटत कंप पावते आणि आवाजाला एक झळाळी येते. तिला जवारी खुलली म्हणतात. धागा केसभर मागेपुढे झाला, की तीच तार मुकी वाटते. हे एकदा कोणा तानपुरेवाल्याजवळ बसून प्रत्यक्ष पाहावे.

जवारी खुलल्यावर काय होते? तार एकाच वेळी अखंड कंप पावते आणि अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शांतही. सोयीसाठी मध्य सप्तकाचा सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. मग खर्जाची तार १२० ची. तिच्यातून १२० बरोबर २४०, ३६०, ४८० आणि ६०० अशी कंपनेही निघतात. २४० म्हणजे मध्य सा, ३६० म्हणजे पंचम, ४८० म्हणजे तार सप्तकाचा सा आणि ६०० म्हणजे तार सप्तकाचा शुद्ध गंधार. तानपुऱ्यात गंधाराची तार नाही, तरी गंधार ऐकू येतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी तो ऐकू येणार नाही. डोळे मिटून चौथ्या तारेचा आवाज विरत जाताना लक्ष तिथेच ठेवायचे. काही दिवसांत तो वर तरंगताना कानाला सापडतो, आणि एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

तानपुऱ्यांचे गाव म्हणजे मिरज. तिथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावायचे काम करत. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिराच्या पिढीपासून ते तंतुवाद्यांकडे वळले आणि सतारमेकर झाले. तानपुऱ्याचा भोपळा खायचा नसतो. तो कडू, जाड सालीचा, पंढरपूरच्या परिसरात पिकवतात आणि वाळवून वापरतात. दांडी आणि तबलीला तुणाचे लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. सुराच्या सच्चेपणाबद्दल त्यांचे नाव आजही पहिले घेतले जाते.

तानपुऱ्यातला हा गंधार कळला, की पेटीबद्दलचा जुना वाद समजतो. पेटी आपल्याकडची नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ च्या सुमारास पायपेटीचे पेटंट घेतले आणि पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडीजवळ घेऊन एका हाताने भाता मारता येईल अशी हातपेटी तयार केली. आत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना आपण सूर म्हणतो. पट्टी दाबली की छिद्र उघडते आणि भात्याची हवा त्या जिभेवरून जाऊन ती थरथरते. पेटी ठरलेल्या बारा पट्ट्यांची. सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले. त्यामुळे वरच्या हिशोबात शुद्ध गंधार ३०० हवा, तो पेटीत सुमारे ३०२.४ येतो. फरक एवढासाच, पण तानपुऱ्यावर मुरलेल्या कानाला तो खुपतो. दुसरी अडचण मींडेची. गळा रिषभावरून गंधारावर घसरत, मधल्या सगळ्या जागा घेत जातो. पेटी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडीच मारते. या कारणांनी आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तरीही महाराष्ट्राने पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे यांनी ती बैठकीत मानाने वाजवली, संगीत नाटकांनी तिला घरोघरी पोहोचवले आणि भजनी मंडळांनी गावोगावी. शिकायला सुरुवात पेटीवर करावी की नाही याबद्दल गुरुजनांत मतभेद आहेत. माझे मत असे, की पेटी जरूर घ्यावी, पण गळ्याने सूर शोधताना ती बंद ठेवावी आणि तानपुरा चालू ठेवावा. मोबाइलवरचा तानपुराही चालेल.

आता पखवाज. इथे ताडकळसच्या माणसाला मी काही नवे सांगण्यापेक्षा तोच मला शिकवू शकेल, कारण भजनाआधी पखवाजाच्या धुमेला कणीक लावताना त्याने कितीदा पाहिले असेल. गव्हाची कणीक पाण्यात मळून डाव्या, मोठ्या तोंडावर मधोमध थापतात. वजन वाढले की चामडे संथ हलते आणि आवाज खाली उतरतो, भरदार होतो. कणीक थोडी काढली की आवाज चढतो. कार्यक्रम झाला की खरवडून टाकतात. उजव्या तोंडावर मात्र कायमची शाई असते, लोखंडाच्या किसाची आणि चिकट खळीची, थरावर थर देऊन घोटलेली. तबल्याच्या उजव्यावरही तीच.

ही शाई कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गावात हलगीही असते. हलगी शेकून कितीही चढवली, तरी ती कुठल्या सुरात आहे असे कोणी सांगत नाही. तिचा आवाज कडक, रोखठोक असतो, पण त्याला सा किंवा पंचम म्हणता येत नाही. कारण नुसते ताणलेले चामडे कंप पावते तेव्हा त्यातून निघणारे निरनिराळे आवाज एकमेकांच्या पटीत नसतात. तारेचे मात्र १, २, ३, ४ असे पटीत असतात, म्हणून तार सुरेल वाटते. मधोमध शाईचे वजन दिल्यावर चामड्याचे कंपही असे पटीत येऊन बसतात आणि तबला सुरात बोलू लागतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात नेमके हेच दाखवून दिले. ज्या कारागिरांनी शतकांपूर्वी कुठलेही समीकरण न मांडता, नुसत्या कानाच्या हिशोबाने शाईचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ हवा हे ठरवले, त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो.

तबला म्हणजे दोन वाद्ये: उजवा लाकडी तबला आणि डावा तांब्याचा किंवा पितळेचा डग्गा. उजव्याच्या पुडीवर तीन वर्तुळे दिसतात. काठाची चाट, मधली मोकळी लव आणि आत शाई. चाटेवर तर्जनी मारली की ‘ना’ किंवा ‘ता’, लवेवर अलगद खुला आघात केला की ‘तिं’, शाईवर बोटे दाबून मारली की ‘ते’, ‘टे’. डग्ग्यावर बोटांचा ठोका देऊन मनगट पुढे सरकवले की ‘गे’चा घुमारा. दोन्ही एकदम वाजले की ‘धा’ आणि ‘धिं’. पुडीच्या कडेचा वेणीसारखा पट्टा म्हणजे गजरा, ताणणारी चामड्याची पट्टी म्हणजे वादी आणि वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे म्हणजे गठ्ठे. गठ्ठा हातोडीने खाली ठोकला की ताण वाढून सूर चढतो; बारीक फरक गजऱ्यावर ठोकून काढतात. पखवाज मुख्यतः पंजाच्या मोकळ्या थापेने वाजतो, तबला बोटांनी. म्हणून ख्याल, म्हणजे आज बैठकीत बहुधा गायला जातो तो प्रकार, त्याच्या नाजूक कामाला तबला आणि धृपद या जुन्या गायनप्रकाराच्या गंभीर चालीला पखवाज अशी जोडी जमली. टाळकऱ्यांच्या गजरात तबला बुडून जाईल, तिथे पखवाजच हवा.

ठेका मोजणे हे नवख्या श्रोत्याचे सर्वांत आनंदाचे काम आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार भागांत: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उघडा करायचा. पहिली मात्रा ती सम. आता मोजता मोजता हरवलात तर? डग्ग्याकडे कान द्या. दहाव्या मात्रेला त्याचा घुमारा थांबतो, उजवा एकटा बोलतो, आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो. त्यानंतर ‘धिं धा’ एवढे झाले की सम. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर ज्यांनी टाळ धरला आहे, त्यांचा हात हे दोन दिवसांत शिकतो. ख्यालातली अडचण फक्त लयीची. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रा. एका मात्रेला चार सेकंद धरले, तरी एक आवर्तन ४८ सेकंदांचे. एवढा वेळ सम कुठे आहे हे विसरायला होते. म्हणून आधी मध्य आणि द्रुत लय ऐकावी, विलंबित नंतर. बरेच जण उलटे करतात आणि कंटाळून सोडून देतात.

आता राग. इथे पुस्तके फार लवकर आरोह-अवरोह, वादी-संवादी, थाट यांच्या तक्त्यांत शिरतात. विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाटांत रागांची मांडणी करून मोठे काम केले, विद्यार्थ्याला ती लागतेच. पण राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे एका जोडीवरून चटकन कळते: भूप आणि देसकार.

दोन्हीत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोन्हीत वर्ज्य. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा, आणि ऐकणारा दोन मिनिटांत वेगळे ओळखतो. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन एस.टी. गाड्यांचे थांबे तेच असावेत, पण एक गाडी एका गावात निवांत चहापाण्याला थांबावी आणि दुसरी तिथे फक्त घंटी मारून निघावी, तसे हे आहे. भूप गंधारावर थांबतो. ‘सा रे ग, रे ग, प ग, ध प ग, रे ग, सा रे, ध़ सा’ असे सावकाश म्हणून पाहा. गळा पुन्हा पुन्हा गंधारावर विसावतो आणि खालच्या धैवताला स्पर्श करून षड्जावर येतो. चाल मध्य आणि खालच्या अंगाची. आता ‘ग प ध, ध प, ग प ध, सां ध, ध प, ग प ध प, ग रे सा’ म्हणा. वजन धैवतावर गेले, गाणे वरच्या अंगाला चढले, रिषभ तर उतरताना जेमतेम लागला. हा देसकार. पाच स्वर, पण कुठे थांबायचे, कुठून कुठे जायचे, कोणाला फक्त शिवून पुढे सरकायचे, यात सगळा फरक. भूपातला मुक्काम गंधारावर म्हणून तो त्याचा वादी, देसकाराचा धैवत. आता ‘वादी’ ही संज्ञा पाठ करावी लागत नाही.

ऐकण्यासाठी किशोरी आमोणकर यांचा भूप घ्या; ‘सहेला रे’ ही त्यांची बंदिश प्रसिद्ध आहे. ती ऐकताना फक्त गंधारावर लक्ष ठेवा. त्या दर वेळी गंधारावर वेगळ्या वाटेने येतात. मग एखाद्या सकाळी देसकार लावा. सुधीर फडके यांनी १९६१ साली ‘भाभी की चूडियाँ’साठी केलेले ‘ज्योति कलश छलके’ याच पाच स्वरांच्या पसाऱ्यातले आहे. भजनी मंडळी ज्याला मालकंसाची चाल म्हणतात, त्या रागाचे ‘बैजू बावरा’मधले (१९५२) ‘मन तरपत हरिदर्शन’ सर्वांना माहीत असते. त्यात रिषभ आणि पंचम नाहीत, गंधार, धैवत, निषाद कोमल आहेत. त्यानंतर मोठ्या गवय्याचा मालकंस ऐकला, की ओळखीच्या माणसाच्या घरी गेल्यासारखे वाटते.

राग फक्त बैठकीत राहतात असेही नाही. पूर्ण्याहून गाडीने थोड्या वेळात नांदेड गाठता येते. तिथे सचखंड हजूर साहिबमध्ये दिवसभर चालणारे शबद-कीर्तन ज्या गुरू ग्रंथ साहिबमधले, तो ग्रंथ मुख्यतः रागांनुसार लावलेला आहे. ३१ राग आहेत त्यात. आणि त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे ते नामदेव. तिथे जाऊन तासभर शांत बसावे. पेटी आणि तबला ओळखीचेच असतात.

आता एका बैठकीत काय क्रमाने घडते ते सांगतो, म्हणजे पहिल्यांदा गेल्यावर गोंधळ होणार नाही. गवई मध्ये, मागे दोन तानपुरे, उजव्या-डाव्या हाताला तबला आणि पेटी. तानपुरा मिळाला की थोडी आलापी होते, तबला गप्प असतो. गवई रागाची ओळख करून देत असतो. मग बडा ख्याल सुरू होतो. बंदिश दोन भागांची, स्थायी आणि अंतरा, शब्द अगदी थोडे. स्थायीच्या पहिल्या तुकड्याला मुखडा म्हणतात. गवई मनाजोगा आलाप करतो, आवर्तन संपत आले की मुखडा उचलतो आणि नेमका समेवर येतो. त्या क्षणी जाणकारांची मान हलते, ‘वा’ निघते. ती दाद सौजन्याची नसते; सगळे मिळून तो हिशोब मोजत असतात आणि तो एका जागी जुळतो. आलाप खर्जापासून एकेक स्वर वर सरकतो. याला बढत म्हणतात. घाई करणारा गवई पाचव्या मिनिटाला तार षड्जावर पोहोचतो. मुरलेला गवई तुम्हाला त्याची वाट पाहायला लावतो. तो तार सा एकदाचा लागतो तेव्हा अंतरा सुरू होतो. मग शब्द घेऊन केलेले लयीचे खेळ, म्हणजे बोल, आणि मग ताना. शेवटी छोटा ख्याल, बहुधा द्रुत तीनतालात, किंवा तराणा. तबलजी बराच वेळ साधा ठेकाच धरतो. बडा ख्याल सांभाळणारा ठेका हे त्याचे खरे कौशल्य, तो वाजवता येणारे थोडे. पेटीवाला गवय्याच्या पाऊलभर मागून चालतो. समारोपाला भैरवी.

सतार, सरोद, बासरीच्या मैफिलीत शब्द नसल्याने क्रम थोडा बदलतो: आलाप, जोड, झाला आणि मग तबल्याबरोबर गत. सतारीला वाजवायच्या तारांखाली तरफांच्या अकरा-तेरा तारा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही, वरचा स्वर लागला की त्या आपोआप गुणगुणतात. सारंगी गजाने वाजते आणि तार बोटांच्या टोकाने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी घासून स्वर काढतात, म्हणून ती गळ्याच्या सर्वांत जवळची. लांब, खर्जाची बासरी पन्नालाल घोष यांच्यामुळे बैठकीत आली. सनई तर आपल्याकडच्या लग्नांनी जपली आहे. तरी माझा सल्ला असा, की वाद्यापासून नव्हे, गळ्यापासून सुरुवात करा. आपली वाद्ये गळ्याची नक्कल करण्यासाठी झटत आली आहेत. गाणे कळले की वाद्य निम्मे कळते.

शिकायचे असेल त्याच्यासाठी रस्ता बराच सोपा झाला आहे, आणि याचे श्रेय विष्णु दिगंबर पलुसकरांना. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, उपचारासाठी त्यांना मिरजेला नेले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यापूर्वी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहिल्याशिवाय विद्या मिळत नसे. त्यांनी वर्ग, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा आणल्या. त्यांच्या निधनानंतर १९३१ साली उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा आज गावोगावची मुले देतात. मराठवाड्यात शास्त्रीय गायनाची मशागत करणाऱ्यांत नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांची नावे आदराने घेतली जातात. परीक्षा द्याव्यात, पण प्रमाणपत्रासाठी दहा राग घाईने उरकण्यापेक्षा वर्षभर भूप आणि यमन हे दोनच राग रोज तानपुऱ्यावर गायलेले मूल मला पुढे गेलेले वाटते.

गावातल्या जाणत्यांना एक विनंती. कीर्तनाच्या मंडपात ध्वनिक्षेपकाचा इको एवढा वाढवतात, की एक स्वर विरायच्या आत दुसऱ्यावर चढतो, वीणा तर ऐकूच येत नाही आणि पखवाजाचा ‘धा’ कर्ण्यातून नुसता धप्प येतो. इको बंद करून आवाज निम्म्यावर आणायला सांगा आणि वीणेजवळ एक माइक द्या. मग मंडपातली मुले स्वच्छ स्वर ऐकत मोठी होतील.

वाद्य विकत घ्यायचे झाल्यास आधी तबला किंवा पेटी घ्या, तानपुरा शिक्षकांच्या सल्ल्याने नंतर. तबला घेताना उजवा उचलून पाहा. लाकूड जड आणि भांडे जाड असेल तर आवाज टिकतो. चाटेवर कडेकडेने चार-पाच ठिकाणी ‘ना’ वाजवा. प्रत्येक ठिकाणी सूर एकच आला पाहिजे. शाईवरून बोट फिरवा, कुठे पोपडे सुटलेले नकोत. आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा. पत्र्याच्या खोलीत तापलेल्या हवेने पुडी ताणली जाऊन फाटते, भोपळ्याला चीर जाते. पावसाळ्यात तीच पुडी ढिली पडते. तबला चुंबळीवर ठेवून वरून कापडी गादी बांधावी, भिंतीला टेकवू नये, आणि उन्हाळ्यात वाजवून झाल्यावर गठ्ठे थोडे वर सारून ताण उतरवून ठेवावा.